डॉक, दाखला आणि एक टोपण

माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायला पूर्वी श्वासोच्छ्वास पुरत असे. आता वायर लागते. ही वायर कुठल्या भोकात घालायची हे ज्याला कळले त्याची पेन्शन चालू राहते. ज्याला कळले नाही तो दोन वेळ जेवतो, दुपारी घोरतो, नातवंडांवर ओरडतो, पण कागदोपत्री तो नसतो.

दर नोव्हेंबरात आमच्या घरात ‘आई हयात आहे’ हे वर कळवण्याची धांदल उडते. माझे वडील रेल्वेत होते. त्यांच्यामागे आईला पेन्शन मिळते. २०२४ साली ती शहाऐंशी वर्षांची झाली. तिला ऐकू येते, दिसते, सुनेने आमटीत गूळ विसरला तर पहिल्या भुरक्याला कळते. ह्याहून अधिक हयात म्हणजे काय असते ते मला तरी ठाऊक नाही. पण गुडघे मात्र तिने रीतसर निवृत्त केलेले आहेत, आणि बँक आहे पहिल्या मजल्यावर.

सरकारने २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ नावाची सोय काढली. घरबसल्या यंत्रावर बोट टेकवायचे, ते आधारच्या नोंदीशी ताडून पाहिले जाते आणि दाखला तयार! पुढे २०२१ साली मोबाईलला चेहरा दाखवण्याचीही सोय झाली. आम्ही ती आधी करून पाहिली. मोबाईल म्हणाला, “पापण्यांची उघडझाप करा.” आई ताडकन म्हणाली,

“ह्या वयात परक्यासमोर डोळे मिचकावू? तुझ्या वडिलांसमोर कधी मिचकावले नाहीत!”

झाले. चेहरा बाद. राहिले बोट.

तेव्हा मी बोटाचे ठसे घेणारे एक यंत्र विकत आणले. डब्बल साबणाएवढे, वर काचेची चौकट, मागे शेपटीसारखी वायर. एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती. पण माझ्यातला समाजसेवक जागा झाला. मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या बोर्डावर लिहिले : ‘ज्येष्ठांचे हयातीचे दाखले रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या घरी मोफत काढून मिळतील.’ ही म्हणाली, “मोफत कशाला लिहिलंत? पोहे मला करावे लागणार आहेत.”

आता त्या डॉकविषयी सांगितले पाहिजे. माझा लॅपटॉप हा मुलाने बंगलोरहून पाठवलेला. तो इतका बारीक आहे की त्याच्या अंगावर धड भोकेसुद्धा नाहीत. एका कडेला दोन इवल्या लांबट फटी, की संपले. त्यांना टाइप-सी म्हणतात. आणि माझ्याकडची सगळी चीजवस्तू जुन्या चौकोनी यूएसबी पिनेची. मुलाला सांगितले तेव्हा त्याने पाठोपाठ एक पट्टीवजा डबी पाठवली. तिची एक वायर लॅपटॉपच्या फटीत घालायची आणि बाकी सगळा संसार डबीला जोडायचा. हिला म्हणतात डॉकिंग स्टेशन, लाडाने डॉक. नाव छान आहे. जहाज कसे धक्क्याला लागते, तसा लॅपटॉप येऊन डॉकला लागतो आणि मग मालाची चढउतार सुरू.

आईने नाव ऐकले आणि विचारले, “डॉक? म्हणजे गोदी?”

“तसंच काहीसं.”

“मग फुटायचं नाही ना रे ते?”

१९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा आई सहा वर्षांची होती आणि गिरगावात राहत होती. खिडक्या हादरल्या, मांडणीवरची भांडी खाली आली, हे तिला अजून आठवते. तेव्हापासून डॉक म्हटले की तिच्या पोटात गोळा येतो. मी तिला हसलो. रविवारी दुपारपर्यंत माझ्याही पोटात तोच गोळा आला होता.

अकराची वेळ दिली की ज्येष्ठ मंडळी साडेदहाला येतात. तळमजल्यावरचे तात्या आले. ते वीजमंडळात लाईनमन म्हणून लागले आणि खांबांवरच्या उन्हापावसात केस पांढरे करून निवृत्त झाले. टेलिफोन खात्यातले नाना आले. शाळेतल्या बाई आल्या. आमच्या सोसायटीत ‘बाई’ म्हटले की त्याच. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माई आल्या. त्यांना ऐकू कमी येते, त्यामुळे त्या कुणाचे न ऐकता दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न विचारतात, “माझं झालं का?” आई धरून पाच असामी. पाचहीजण सोफ्यावर असे बसले, की जणू फोटोग्राफरने ‘हलू नका’ म्हटले आहे.

मी यंत्राची पिन घालायला गेलो. बसली नाही. उलटी केली. बसली नाही. पुन्हा सुलटी केली, आणि बसली! ह्या चौकोनी पिनेचे हे वैशिष्ट्य तुम्हीही अनुभवले असेल. ही यूएसबी १९९६ साली आली. तिच्या जन्मात इंटेल कंपनीतल्या अजय भट्ट ह्या इंजिनिअरचा मोठा वाटा, आणि हे गृहस्थ बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्याआधी माउसची पिन गोल, प्रिंटरची फणीसारखी रुंद, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. भट्ट आणि मंडळींनी सगळ्यांना एका पंगतीला बसवले. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर तारा वाढतात, खर्च वाढतो, म्हणून ती तेवढी राहून गेली. ती उणीव २०१४ च्या टाइप-सीने भरून काढली. ती कशीही घाला, बसते. फक्त बसल्यानंतर चालेलच असे नाही. एक टाइप-सी वायर नुसती वीज नेते, दुसरी वीज आणि थोडी माहिती, तिसरी चित्रसुद्धा. दिसायला तिघी सख्ख्या बहिणी. पत्रिका जुळली म्हणजे संसार जुळला असे समजणाऱ्या माणसाची जी गत होते, ती माझी झाली.

पिन बसली. लॅपटॉप ‘टुंग-टूंग’ असा आनंदाने बोलला. लगेच ‘टूंग-टुंग’ असा उदास झाला. पुन्हा आनंद. पुन्हा दुःख. पडद्यावर इंग्रजी पाटी आली : यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड. म्हणजे ओळख पटली नाही.

“माझं झालं का?” माईंनी विचारले.

मी मला येणारे सगळे उपाय केले. पिन काढून फुंकर मारली. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायर पिळून पाहिली. मुलाला फोन लावला, त्याने कापला आणि निरोप धाडला : ‘बाबा, मीटिंगमध्ये आहे. डायरेक्ट लावून बघा.’ रविवारी मीटिंग! आणि डायरेक्ट कुठे लावू? चौकोनी पिन लांबट फटीत? ही पोहे घेऊन आली, आणि सगळ्यांच्या नजरा पोह्यांकडे वळल्या तेवढीच माझी सुटका.

पोहे खाता खाता बाई म्हणाल्या, “वर्गात कोण कोण आहे ते आधी बघा. हजेरीपट असेलच की ह्याचा.”

हजेरीपट असतो. त्याला डिव्हाइस मॅनेजर म्हणतात. उघडला. कीबोर्ड हजर, माउस हजर, प्रिंटर हजर. सगळ्यांच्या खाली पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह आणि नाव ‘अननोन डिव्हाइस’. बाईंना मी समजावून सांगितले की कुठलीही वस्तू जोडली की संगणक विचारतो, तू कोण, कुणाकडची? वस्तूने आपल्या घराण्याचा आणि स्वतःचा नंबर सांगायचा. मग संगणक तिचा दुभाषी शोधतो, म्हणजे ड्रायव्हर. आमचा दुभाषी मी आदल्या रात्रीच बसवून ठेवला होता.

“मग मुलगा वाईट नाही,” बाई म्हणाल्या. “तो ‘हजर’ म्हणतोय, पण आवाज पोचत नाहीये. अशी मुलं बहुतेक डबा न खाता आलेली असतात.”

‘डबा’ हा शब्द ऐकून तात्या ताठ झाले. त्यांनी बशी खाली ठेवली. “ह्याला वीज कोण देतंय?”

“हा डॉक.”

“किती?”

मी सांगितले, जुन्या तऱ्हेच्या यूएसबी भोकातून पाच व्होल्टला पाचशे मिलिअँपिअर मिळतात. आतून निळे असते ते नवे, त्यातून नऊशे. तात्यांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे निळ्याला साडेचार वॅट. अहो, आमचा झिरोचा जुना बल्बसुद्धा ह्याहून जास्त खायचा! आणि जेवायला कितीजण आहेत?”

आता मला माझा संसार उघडा करावा लागला. डॉकची भोके पुरेनात म्हणून मी डॉकला आणखी एक चार भोकांचा हब जोडला होता. त्या हबला मुंजीच्या आणि लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क, एक छोटा पंखा, एक वाचनाचा दिवा आणि वर हे बोटाचे यंत्र. हबला स्वतःची वीज नाही. म्हणजे निळ्या भोकातल्या साडेचार वॅटवर चार तोंडे! आणि डिस्क सुरू होताना एकटीच तीन माणसांचे खाते.

“पोटभाडेकरू ठेवलेत तुम्ही,” तात्या म्हणाले. “बरं, ह्या डॉकची स्वतःची वायर कुठे जाते?”

ती टेबलामागे जात होती. तात्या गुडघ्यांची तमा न बाळगता टेबलाखाली शिरले. खालून आवाज आला, “ही तर लोंबकळतीये! भिंतीच्या प्लगमध्ये डासांचं मशीन आहे!”

मी हिच्याकडे पाहिले. ही म्हणाली, “आईंना रात्रभर डास चावत होते. तुमच्या डॉकला चावत नाहीत.”

म्हणजे सकाळपासून डॉक लॅपटॉपच्याच बॅटरीतून उसनवारी करून आमचा सगळा गोतावळा पोसत होता. पडदा लागत होता, कीबोर्ड चालत होता, म्हणून मला संशय आला नाही. घरातले दिवे लागतात म्हणून बँकेत पैसे आहेत असे समजण्यातलाच हा प्रकार. प्लग बदलला, पंखा आणि दिवा काढला. यंत्रातला लुकलुकणारा दिवा स्थिर झाला. हजेरीपटावरचा पिवळा त्रिकोण गेला आणि तिथे चक्क यंत्राचे नाव आले. तात्या टेबलाखालून बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर जळमट होते आणि चेहऱ्यावर जे तेज होते, ते दाखल्यात कुठे लिहायची सोय नाही.

मी तात्यांचे बोट काचेवर ठेवले. यंत्र उजळले, आणि ‘टूंग-टुंग’. गेले.

“माझं झालं का?”

आता नाना पुढे सरसावले. ते सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. टेलिफोन खात्यातल्या माणसाला लाइन मिळेपर्यंत थांबायची सवय असते. ते म्हणाले, “यंत्रापासून लॅपटॉपपर्यंत मधे जोड किती?”

“हब आणि डॉक. आणि डॉकच्या पोटातही हबच असतो.” कागदावर ह्या यूएसबीचा खानदानी विस्तार फार मोठा आहे. एका मूळपुरुषामागे एकशे सत्तावीस वस्तू आणि संगणक धरून सात पिढ्यांची उतरंड चालते. पण कागदावर तर आमच्या खोलीत बारा माणसे झोपू शकतात.

“आमचा नियम एकच होता,” नाना म्हणाले. “तक्रार आली की आधी लांबच्या खांबाकडे जायचं नाही. मधले जोड सोडायचे आणि थेट लाइन देऊन बघायची. थेट बोलणं झालं तर दोष मधे. नाही झालं तर टोकाला. एका वेळी एकच जोड बदलायचा. दोन बदलले तर बरं कशानं झालं ते कळत नाही.”

हब काढला. यंत्र सरळ डॉकला लावले. हजेरी लागली, पण बोट ठेवीपर्यंत यंत्र पुन्हा गप्प. राहिला एकच जोड, डॉक. पण थेट लाइन द्यायची तर चौकोनी पिनेला लांबट फटीत शिरवणारा एखादा तुकडा हवा. तो बाजारात दीडदोनशे रुपयांना मिळतो. पण रविवारी भर दुपारी बाजार मिळत नाही. मी सोफ्यावर बसलो. पाच हयात माणसांसमोर मीच काय तो गतप्राण.

इतका वेळ आई हे सगळे पाहत होती. ती म्हणाली, “तुकडा म्हणजे कसा रे? एका बाजूने चपटा, दुसरीकडे चौकोनी भोक?”

“हो. का?”

आई उठली. कपाटातून तिचा बिस्किटांचा जुना डबा आणला. त्यात बटणे, सुयांच्या पुड्या, तुटक्या घड्याळाचा पट्टा, वडिलांच्या शर्टाच्या कॉलरची हाडे आणि एक पांढरे टोपण. तीन वर्षांपूर्वी नवा मोबाईल आला, त्याच्या खोक्यातून मी ते फेकून दिले होते. तिने ते कचऱ्यातून उचलले, पुसले आणि ठेवले. “कशाचं तरी टोपण दिसलं. टोपण हरवलं की वस्तू फुकट जाते.”

ते टोपण म्हणजेच तो तुकडा! जुन्या मोबाईलमधले फोटो नव्यात घ्यायला देतात तो. लॅपटॉपच्या फटीत तो बसला, त्यात यंत्र बसले आणि ‘टुंग-टूंग’ झाले. मग शांतता. उदास सूर आलाच नाही. आम्ही सगळे श्वास रोखून त्या न आलेल्या आवाजाची वाट पाहत होतो. मुलाचा निरोप बरोबर होता. फक्त तो नानांच्या तोंडून यावा लागला आणि आईच्या डब्यातून.

तात्या हयात निघाले. नाना निघाले. बाई निघाल्या. माईंचेही झाले. त्यांना दाखला दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं झालं का?”

शेवटी आई. तिने उजवा अंगठा ठेवला. यंत्राचे आता काही चुकत नव्हते. तरी पाटी आली : ओळख पटली नाही. तर्जनी ठेवली. नाही. बोटे कोमट पाण्यात बुडवून पुसली. तरी नाही. मी तिचा हात उजेडात धरून पाहिला. अंगठ्यावर रेषाच नव्हत्या. सत्तर वर्षे भाकऱ्या थापल्या, नारळ खवले, राखेने भांडी घासली. ज्या बोटांनी आम्हां भावंडांना वाढवले ती बोटे गुळगुळीत होऊन गेली होती आणि यंत्राला ती कुणाचीच वाटत नव्हती. खोलीत कुणी काही बोलेना. एवढ्या वर्षांत तो हात मी इतका निरखून कधी पाहिला नव्हता. त्यासाठी लॅपटॉप लागला.

“एकेकाला बोलू दे की,” आई म्हणाली आणि स्वतःच एकेक बोट ठेवत गेली. नवव्या खेपेला, डाव्या हाताच्या करंगळीला, हिरवी खूण उमटली. आईने करंगळीकडे कौतुकाने पाहिले. “हिने काम म्हणून कधी केलं नाही. म्हणून शिल्लक राहिली.”

रात्री सगळे गेल्यावर मी नानांच्या नियमाने एकेक जोड परत लावत बसलो. डॉकचा दोष सापडला. लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी रिकाम्या बसलेल्या यूएसबी वस्तूंना झोपवतो. डॉकमधल्या हबला तो झोपवत होता आणि तो वेळेवर उठत नव्हता. हजेरीपटात हबच्या नावावर गेले की वीज वाचवण्याची एक चौकट असते. तिच्यातली टिकली काढली आणि यंत्र डॉकवरूनही चालू लागले. माझा बिनतारी माउस मधूनमधून का उड्या मारतो तेही कळले. वेगवान यूएसबीची वस्तू चालू असली की तिची कुजबुज नेमकी बिनतारी माउसच्या लहरींवर येते. आमच्या डिस्कच्या शेजारचे माउसचे बोंडूक लांब नेऊन लावले आणि भांडण मिटले. दोघेही चांगले. नुसते शेजारी नको होते.

हे सगळे मी एका कागदावर लिहून टेबलाच्या खणात ठेवले : आधी हजेरी, मग वीज, मग थेट लाइन, एका वेळी एकच जोड. वाचून पाहिले तर त्यात माझे असे एकही वाक्य नव्हते.

झोपायला जाताना आईच्या खोलीत डोकावलो. डासांचे मशीन आता तिच्या उशाशी लावले होते. मला वाटले ती झोपली. अंधारातून आवाज आला,

“बाळ, ते टोपण डब्यात परत ठेवलंस ना? पुढच्या नोव्हेंबरात लागेल.”